स्कॉच मास्तरांची पांढरी बशी

कोपरीला किरिस्तावांची एक बाव आहे. विहिरीला तिकडे बाव म्हणतात. त्या बावेच्या पाण्याबद्दल मी सहा महिने दर सोमवारी कचेरीच्या वहीत लिहीत होतो, आणि त्या सहा महिन्यांत मी तिच्यात एकदाही डोकावलो नव्हतो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, थोरल्या भावाला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्या मास्तरांना तर नाहीच. मास्तर आता गेले. म्हणून याला कंठ फुटला, असं कुणी म्हणेल. म्हणो. खोटं नाही ते.

आधी मास्तर कसे होते ते सांगतो. सांगताना मला हसू येतं, आणि वीस वर्षं मी याच हसण्याच्या आडोशाला बसलो आहे, हे वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावं.

आमच्या या मास्तरांनी जन्मात समुद्र ओलांडला नाही. ठाण्याच्या खाडीत होडी जरा हलली तरी त्यांना मळमळे. पण बोलणं ऐकाल तर वाटावं, गृहस्थ कालच एडिंबरोहून उतरले. तरुणपणी मुंबईत एका स्कॉच पादऱ्याच्या हाताखाली दोन वर्षं शिकले होते. पादऱ्याने त्यांना ख्रिस्ताकडे न्यायची शिकस्त केली. मास्तर ख्रिस्ताकडे काही गेले नाहीत. स्कॉटलंडकडे गेले आणि परत आलेच नाहीत. शेंडी शाबूत, संध्या शाबूत, जानवं शाबूत, आणि गालांवर मात्र पादऱ्यासारखे केसांचे दोन झुपके. एका धनगराकडून त्यांनी तांबड्याहिरव्या चौकटींची घोंगडी विणून घेतली होती. ती खांद्यावर टाकून भर वैशाखात कचेरीत येत. घामाने निथळत, पण घोंगडी उतरवीत नसत. "डोंगरी माणसाचं हे निशाण आहे," म्हणत. आळीतल्या बायका म्हणत, "मास्तरांनी इरकली लुगडं पांघरलंय."

सकाळी नाचणीची आंबील घ्यायची, मिठाची, आणि उभ्याने घ्यायची. स्कॉच शेतकरी आपली पेज उभ्यानेच खातो म्हणे. मास्तर हे मोठ्या अभिमानाने सांगत असताना आत काकू भांडी घाशीत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "आमच्या गोठ्यातही उभ्यानेच खातात."

रविवारी चूल पेटवायची नाही, हाही एक नेम. तिकडे त्या दिवशी काम करणं पाप. मास्तरांनी पाप-पुण्य आपलंच ठेवलं होतं, फक्त सुट्टी तिकडची घेतली होती. शनिवारचा भात, शनिवारचं ताक. एकदा मी रविवारी गेलो तर काकू ओट्यावर बसून विचारीत होत्या, "का हो, स्कॉटलंडात बायका रविवारी जेवतात का?"

"जेवतात. थंड जेवतात."

"मग त्यांचे नवरे शनिवारी पाणी तरी भरत असतील."

मास्तरांनी यावर ग्रंथात पाहून सांगतो म्हटलं. खरंच उठून कपाटाकडे गेले.

ते कपाट म्हणजे त्यांचं देवघर. काचेची दारं, आत कडुनिंबाचा पाला, आणि नुसती स्कॉच पुस्तकं. कुणा नांगरट्याच्या कविता, डोंगरातल्या सरदारांच्या लढायांच्या कादंबऱ्या, पादऱ्यांची व्याख्यानं, व्यापाराचं शास्त्र, एका डाक्तराचं आरोग्यावरचं जाडजूड पुस्तक आणि नगराचा कारभार कसा करावा यावर एक. हात धुतल्याशिवाय हात लावायचा नाही. ती नांगरट्याची गाणी ते ओटीवर उभं राहून म्हणत. त्यातलं अक्षर मला कळत नसे. मला दाट शंका आहे की त्यांनाही अर्धंच कळत असावं. पण डोळ्यांत पाणी यायचं. आमच्याकडे नांगर धरणारा दारात आला की त्याला पाणी ओंजळीत घालायचं, आणि तिकडच्या नांगरट्यासाठी रडायचं! मी हे तेव्हाही मनात म्हणत असे. तोंडाने नाही. त्यांनीच मला कल्याणच्या शाळेत इंग्रजी शिकवलं होतं आणि त्यांच्याच शब्दावर मला कचेरीत चिकटवलं होतं.

पुस्तकं उसनी देण्याची त्यांना हौस होती. आमच्या आरोग्य कमिटीतले एक पेन्शनर मामलेदार होते, त्यांना नगराच्या कारभाराचं ते नवंकोरं पुस्तक स्वतः वाचायच्या आधीच दिलं. महिन्याने मामलेदारांनी परत केलं. "उत्तम! एकेक प्रकरण म्हणजे रत्न!" मास्तरांनी घरी आणून उघडलं तर पानं कडेला जुळलेलीच. नवं पुस्तक सुरीने कापून वाचावं लागतं, आणि मामलेदारांनी ते कापलंच नव्हतं. मास्तर दोन दिवस जेवले नाहीत. माणूस न वाचता वाचलं म्हणतो, न पाहता पाहिलं म्हणतो, हे त्यांच्या डोक्यात मावतच नसे. मला तेव्हा फार मौज वाटली होती.

आता ती आरोग्य कमिटी. ठाणे गाव सुधारायला सरकारच्या सांगण्यावरून पाच-सात वजनदार मंडळी जमवली होती. त्यातल्या एकालाही गाव सुधारायचं नव्हतं. कलेक्टरसाहेबाच्या शेजारी खुर्ची हवी होती. मास्तर तिचे सेक्रेटरी, मी कारकून. कमिटीचा पहिला पराक्रम म्हणजे बाजारामागचा सार्वजनिक संडास. मास्तर म्हणाले, उद्घाटन स्कॉच पलटणीसारखं वाजतगाजत व्हायला हवं. सनईवाला म्हणाला, "मास्तर, आम्ही देवळात वाजवतो, लग्नात वाजवतो. इथं नाही वाजवणार." शेवटी मोहरमातला एक ताशेवाला मिळाला. मास्तरांनी घोंगडी सावरून ग्लासगो शहराने डोंगरातल्या तळ्याचं पाणी नळाने कसं घरोघर आणलं यावर व्याख्यान दिलं. ऊन मी म्हणत होतं. व्याख्यान संपलं, ताशा वाजला, आणि मग सगळे एकमेकांकडे बघत उभे. उद्घाटन म्हणजे नेमकं करायचं काय, हे कुणी ठरवलंच नव्हतं. मामलेदार म्हणाले, "सेक्रेटरींचा मान पहिला." मास्तर खरोखर आत गेले! दार लावून घेतलं, आणि ताशेवाल्याने पुन्हा सुरुवात केली.

गावाला वर्षभर पुरेल एवढं हसू झालं. पण त्या संडासाने बाजारामागची घाण गेली, हेही खरं. ते कुणी बोललं नाही. मीही नाही.

मग बशी आली. डाक्तराच्या पुस्तकात त्यांना सापडलं की पाणी किती स्वच्छ ते पांढरी वस्तू बुडवून मोजता येतं. मास्तरांनी चिनी मातीची पांढरी बशी घेतली, तिला सोनाराकडून तीन भोकं पाडून घेतली, खाली शिशाचं वजन, वर दोरी, आणि दोरीला दर अर्ध्या हातावर गाठ. बशी विहिरीत सोडायची, दिसेनाशी झाली की गाठी मोजायच्या. चार हात दिसली तर पाणी निर्मळ. दोन हातांच्या आत गडप झाली तर संशय. सतत सहा महिने संशय आला तर विहिरीला फळ्या ठोकून कुलूप.

आणि यावर स्कॉच कळस असा की, पाहणारा एक आणि ठरवणारा दुसरा. ठरवणाऱ्याने विहिरीकडे फिरकायचं नाही. "अरे गृहस्था," मला ते याच नावाने हाक मारत, "मी गेलो तर कुणाच्या तरी म्हातारीची दया येईल, कुणाच्या तरी शिव्यांची भीती वाटेल. माझं मन कलेल. तू पाहा, वहीत लिही. वहीला मन नसतं."

माझ्याकडे पाच विहिरी होत्या. चार गावातल्या. तिथे मी बशी सोडायचो आणि पोरंसोरं जमायची, "बशीवाले आले, बशीवाले आले!" लाज वाटायची, पण पाहायचो. पाचवी रुळांपलीकडे, कोपरीला, किरिस्तावांच्या वाडीत. भात, भाजी करणारे लोक, पोर्तुगीज अमलात बाटलेले.

पहिल्या सोमवारी मी बशी घेऊन तिथल्या चिंचेपर्यंत गेलो. बाव पन्नास पावलांवर होती. शेजारी चुन्याने रंगवलेला क्रूस, काठावर हंडे घेतलेल्या बायका, आणि पायात घोटाळणारी डुकरं. आश्विन सरत होता की कार्तिक लागला होता, आठवत नाही. सकाळची थंडी पडू लागली होती एवढं आठवतं. तिथे उभं राहिलो, त्यांच्या रहाटाच्या दोरीला हात लागला, तर घरी जाऊन थंड पाण्याने डोक्यावरून आंघोळ. आणि आई विचारणार, का रे? नोकरीचं नाव काढलं की रडणार.

वाडीतला एक पन्नाशीचा माणूस माझ्याकडे बघत होता. बस्त्याव त्याचं नाव. हातात वांग्यांची पाटी. म्हणाला, "काय भटा, पानी बघाला आयलास? ये ना फुडं. बाटत नाय तुजी बशी."

बायका हसल्या. त्याची लेक होती त्यांच्यात, इनास. ती म्हणाली, "बाबा, त्याला उचलून आनतंव काय?" पुन्हा हसल्या.

मी म्हटलं, "उद्या येतो."

परत फिरलो. कचेरीत वहीत कोपरीपुढे लिहिलं: दीड हात.

दीडच का? याचा मी फार विचार केला आहे, आणि उत्तर साधं आहे. त्यांचं पाणी तेवढंच असणार, असं मला वाटलं. डुकरं हिंडतात, मासळी धुतात, त्यांचं पाणी आमच्या आळीच्या बरोबरीचं कसं असेल? न पाहता मला ते माहीत होतं. पुढच्या सोमवारी मी चिंचेपर्यंतही गेलो नाही. दीड. पुन्हा दीड. एकदा एक, एकदा पावणेदोन, खरं वाटावं म्हणून. एवढी अक्कल मी लढवली. तेवढ्या अकलेत पन्नास पावलं चालून झाली असती.

चैत्रात कमिटी बसली. मास्तरांनी वही वाचली. चार विहिरी पास, कोपरी नापास. मामलेदार म्हणाले, "मास्तर, बशीत चहा पितात हो. विहीर नाही पीत." सगळे हसले. तरी फळ्या ठोकायला कुणाची हरकत नव्हती. बाव किरिस्तावांची होती. आमच्या आळीची असती तर स्कॉटलंड बुडालं असतं.

बस्त्यावला कुणकुण लागली होती. तो दारात उभा होता, हातात पाण्याने भरलेला तांब्या. म्हणाला, "मास्तर, आमचे बावंचं पानी हाय. तुमी पिऊ नका, नुस्तं बघा."

मास्तर म्हणाले, "बाबा रे, मी पाहायचं नाही असाच नियम आहे. मी पाहिलं तर दया येईल."

"दया नको. डोले हायत ना तुमाला?"

मास्तरांनी त्या तांब्याकडे पाहिलं नाही. हे मी पुन्हा लिहितो: त्यांनी मान वळवली, भिंतीकडे. एवढा मोठा ग्रंथांचा वाचक, आणि एक तांब्या वाचता आला नाही त्यांना. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "अरे गृहस्था, तू स्वतः पाहिलंस ना?"

तांब्या माझ्या समोर होता. त्याच्या तळाला आतून एक पोचा पडलेला होता, तो पाण्यातून स्वच्छ दिसत होता.

मी म्हटलं, "हो."

फळ्या ठोकल्या. कुलूप लावलं. किल्ली मास्तरांच्या कमरेला. कोपरीच्या लोकांना दुसरं पाणी कुठून आणायचं हे कमिटीने सांगितलं नाही, कारण ग्लासगोत त्यासाठी नळ होते आणि पुस्तकात त्यापुढचं लिहिलेलं नव्हतं. ते लोक रुळाच्या भरावाखालच्या डबक्यातून पाणी नेऊ लागले. म्हशी बसायच्या त्या डबक्यात.

वैशाखात तिथे पटकी लागली. जुलाब, उलट्या, आणि सकाळी धडधाकट असलेलं माणूस संध्याकाळी संपायचं. इनास पहिल्याच आठवड्यात गेली. तिचं लग्न ठरलेलं होतं. आणखीही गेले. किती, ते मी लिहिणार नाही. आकडे लिहायचा माझा अधिकार संपला आहे.

कुलूप लागल्याला दीड महिना झाल्यावर मास्तर नियम मोडून कोपरीला गेले. मला बरोबर नेलं. तेव्हा मी पहिल्यांदा ती बाव जवळून पाहिली. कुलूप त्यांनी काढलं, फळ्या बस्त्यावने उपसल्या. वाडीतली माणसं लांब उभी होती. कुणी हसत नव्हतं. मास्तरांनी बशी आत सोडली. दोन गाठी, चार गाठी, सहा, आठ. बशी दिसतच होती, खाली पडलेल्या चंद्रासारखी. दोरी संपली.

मास्तर वाकून किती वेळ बघत राहिले. घोंगडीचं टोक पाण्यावर लोंबत होतं. मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

आणि मी, विचारण्याआधीच, म्हणालो, "बाव दीड महिना बंद होती, मास्तर. कुणी उपसलं नाही. गाळ खाली बसला असेल."

आधीच्या 'हो'पेक्षा हे वाईट. 'हो' भीतीने निघालं होतं. हे मी घरून जुळवून नेलं होतं.

मास्तर म्हणाले, "असेल."

 बस्त्याव बावेच्या काठावर थुंकला, आणि ती थुंकी मास्तरांच्या पायाशी पडली. माझ्या नाही.

पुढच्या बैठकीत मास्तर उभे राहिले. म्हणाले, "वही लिहिणाऱ्याचा दोष नाही. ठरवणारा मी. मी गेलो नाही." बसले. स्कॉटलंडचा एक शब्द नाही. कमिटीला आनंद आवरेना. बशी गेली, वही गेली, आणि त्याबरोबर गावातल्या विहिरी पाहण्याचं कामही गेलं. सुधारणेचा असा निकाल लागला की पुढे पुष्कळ वर्षं कुणी तिचं नाव काढलं नाही. "अहो, मागे त्या स्कॉच मास्तराने काय केलं आठवतं ना?" एवढं म्हटलं की कुठलीही सुधारणा मरायची. मास्तर कल्याणला आपल्या घरी परतले. मी हेडक्लार्क झालो.

कल्याणला मी त्यांना एकदाच भेटलो. ते तळ्याच्या काठी तीच बशी सोडत बसले होते, स्वतः. दोन धोबी त्यांची टिंगल करत होते. "मास्तर, मासा लागला का?" मास्तर म्हणाले, "अरे गृहस्था, ये, बैस." मग अर्धा तास डोंगरी सरदारांच्या कुठल्याशा लढाईवर बोलले. कोपरीचं नाव नाही. मला हायसं वाटलं. घरी येऊन मी बायकोला ती घोंगडी आणि ते धोबी रंगवून सांगितले. ती पोट धरून हसली. मास्तरांच्या गोष्टी सांगण्यात माझा हातखंडा होता. लोक मुद्दाम बोलवायचे.

गेल्या वर्षी ते वारले. मी गेलो तेव्हा काकूंनी दोन वस्तू पुढे ठेवल्या. "तुम्हाला द्यायच्या म्हणून सांगून ठेवलं होतं." एक बशी. दुसरं ते नगराच्या कारभाराचं पुस्तक, मामलेदारांनी न कापलेलं. काकू म्हणाल्या, "रविवारची चूल आता पेटवते मी. पण सवय मोडत नाही हो. शनिवारचाच भात होतो."

परत येताना गाडीत मी पुस्तक उघडलं. खरं सांगतो, मी न कापलेली पानं शोधत होतो. मास्तरांनीही ते अर्धंच वाचलेलं निघावं, एवढीच माझी इच्छा होती. म्हणजे तेही मामलेदारांसारखे, आणि आम्ही सगळेच सारखे. पण पान न् पान कापलेलं होतं. शेवटून दुसऱ्या प्रकरणाच्या समासात त्यांच्या बारीक अक्षरात पेन्सिलीने लिहिलं होतं:

"ठरवणाऱ्याने स्वतः जाऊन पाहावे. हे मी उशिरा वाचले. मुलगा कोपरीस गेला नसावा. भ्याला असेल. मी सर्वांदेखत विचारले, तेव्हा त्याला हो म्हणण्यावाचून वाट ठेवली नाही. चूक माझी."

म्हणजे बावेच्या काठी 'असेल' म्हणताना त्यांना कळलं होतं. कळून ते कमिटीपुढे उभे राहिले. आणि मी त्यांच्या नकला करत हिंडलो.

बस्त्याव अजून आहे. म्हातारा झालाय, पण मंगळवारी बाजारात पांढरे कांदे आणि वालाच्या शेंगा घेऊन बसतो. मला पाहिलं की म्हणतो, "काय भटा, ने वाल." मी नेतो. कोपरीत आजही पोरांना सांगतात की त्या घोंगडीवाल्या भटाने आमची बाव बंद करून माणसं मारली. मागच्या मंगळवारी बस्त्यावला मी सांगितलं, मास्तर वारले. त्याने जुडी बांधता बांधता म्हटलं, "बरा झाला." मी शेंगा घेतल्या आणि घरी आलो.

मला कोपरीला जायचं आहे. दिवसाउजेडी, त्या बावेच्या काठी उभं राहून, बस्त्यावच्या आणि वाडीच्या देखत सांगायचं आहे की ती वही खोटी होती, ती मी लिहिली, आणि मास्तरांनी ते स्वतःवर घेतलं. हे माझं देणं आहे. हा कागद लिहून ते फिटत नाही. एकट्याने मी अजून चिंचेपुढे गेलेलो नाही.